इस्टेशनावरचा इस्कोन
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझ्या लहानपणी कुर्डुवाडीत पुष्कळ शब्दांना पुढं 'इ' लागायचा. इस्टेशन, इस्कूल, इस्टोव्ह, इस्प्रिंग. त्यामुळं ईदच्या आधी आणि डिसेंबरच्या थंडीत आमच्या घरी जो गोल, फुगीर, मनुका घातलेला पदार्थ व्हायचा, त्याला 'इस्कोन' म्हणतात यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. सोलापूरला बीएला गेलो तेव्हा पहिल्यांदा पंचाईत झाली. वसतिगृहात डबा उघडला आणि मित्रांना म्हणालो, "घ्या रे, अम्मानं इस्कोन दिलाय." सगळे हसायला लागले. एकजण म्हणाला, "तुझ्या घरी हरे कृष्णवाले कधीपासून?" पण डबा पाच मिनिटांत संपला, आणि पुढची तीन वर्षं सुट्टीवरून येताना मला पहिला प्रश्न तोच असायचा.

हा इस्कोन म्हणजे इंग्रजांचा स्कोन. पाव म्हणावा तर पाव नाही, बिस्कीट म्हणावं तर बिस्कीट नाही. वरून किंचित खुसखुशीत, आतून मऊ. त्यात मनुका किंवा बेदाणे, आणि आमच्या घरच्या इस्कोनावर पिठीसाखरेचा लिंबू पिळलेला पातळ लेप. इंग्रज लोक तो मधोमध उघडून त्यावर साय आणि मुरंबा घालतात. साय आधी की मुरंबा आधी यावरून त्यांच्यातल्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत आजही वाद आहे. शब्दाचा उच्चार 'स्कोन' की 'स्कॉन' यावरही त्यांचं एकमत नाही. तेव्हा आमच्या 'इस्कोन'ला नावं ठेवण्याचा त्यांना फारसा अधिकार उरत नाही.

हा पदार्थ माढा तालुक्यातल्या एका मुसलमान फिटरच्या घरात कसा आला, याचा मी गेली काही वर्षं माग घेतोय. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण आमच्या गावाचा इतिहास रुळांवरून चालत आलेला आहे, आणि रूळ धरून मागं जाणं तसं सोपं असतं.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुण्याकडून इथवर आले ते १८५९ साली. पुढच्या वर्षी ते सोलापूरला पोचले. तेव्हा स्टेशनाला कुर्डुवाडी हे नावही नव्हतं, 'बार्शी रोड' म्हणत. म्हणजे आमचं गाव काय, तर बार्शीला जायचा रस्ता. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. तिथला माल बैलगाड्यांनी स्टेशनावर यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यात आलं की एवढ्याशा रस्त्याला मोठी रेल्वे कशाला, अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे बास आहे. रूळ हलके, पण डबे-वाघिणी अशा बांधायच्या की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी अशी एकवीस मैलांची गाडी सुरू झाली. जगभरच्या छोट्या रेल्वेवाल्यांनी ती नावाजली. हा कॅलथ्रॉप मोठा नादिष्ट माणूस असावा. त्यानं अरबी घोडे पाळले, घोड्यांवर पुस्तक लिहिलं, आणि उतारवयात विमानातून उडी मारण्यासाठी हवाई छत्रीही तयार केली.

१९०६ साली ही लाइन पंढरपूरला गेली. वारकऱ्यांची मोठी सोय झाली. १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. दोनशेवर मैलांचा पसारा, आणि त्याच्या मध्यावर कुर्डुवाडी. इथं वर्कशॉप, इथं इंजिनशेड, इथं साहेबांचे बंगले. आमच्या घराण्यातली दोन पुरुषांची पिढी त्या वर्कशॉपच्या भोंग्यावर उठली आणि झोपली. माझे अब्बा तिथं फिटर होते. पण इस्कोनचा धागा अब्बांकडून आलेला नाही. तो आईच्या वडिलांकडून, नानांकडून आलाय.

नाना बबर्ची होते. कंपनीच्या एका इंग्रज इंजिनिअरच्या बंगल्यावर ते वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी भांडी घासायला लागले आणि चारपाच वर्षांत स्वयंपाकघराचे मालक झाले. मेमसाहेब स्कॉटलंडची होती असं ते सांगायचे. 'इस्काटलंड'ची. ती बोलायची कमी आणि करून दाखवायची जास्त. नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं दोघांचं चांगलं जमलं. रोस्ट, स्टू, पुडिंग, केक सगळं ते तिथं शिकले. घरी मात्र आणलं ते फक्त इस्कोन. का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. रोस्टला लागणारा मांसाचा तुकडा आमच्या ऐपतीबाहेरचा होता. पुडिंगला अंडी फार. केकला भट्टी हवी. इस्कोनला मैदा, थोडी चरबट वस्तू, मूठभर साखर, दूध किंवा ताक. एवढं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडं असायचं.

आता आमच्याकडं ओव्हन नव्हता. बंगल्यावर बिडाचा ओव्हन होता, आमच्याकडं चूल. नानांनी त्यावर तोड काढली. जाड तव्यावर मंद आच, वर पितळी झाकण, झाकणावर चार निखारे. एक बाजू झाली की उलटायचा. अम्माला याची आयुष्यभर थोडी लाज वाटायची. कुणी कौतुक केलं की ती म्हणायची, "असली न्हाई हो, तव्यावरची नक्कल आहे. असली भट्टीत होते."

तिला सांगायला मला साठ वर्षं उशीर झाला, पण खरी गोष्ट उलटी आहे. 'स्कोन' हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो १५१३ साली, गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवीनं लॅटिन महाकाव्य 'ईनिड'चं आपल्या बोलीत भाषांतर केलं त्यात. (एका कवीनं नोंद ठेवली, याचा मला उगाच आनंद होतो.) तेव्हाचा स्कोन म्हणजे सातू-ओटच्या पिठाचा चपटा गोल रोट. तो भाजत चुलीवरच्या लोखंडी तव्यावर, आणि मग त्याचे चार तुकडे करत. स्कॉटलंडच्या गरीब घरांत ओव्हन कुठला असायला! भट्टीतला फुगीर, वाटीनं कापलेला स्कोन ही फार पुढची, एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. म्हणजे बंगल्यातल्या ओव्हनमध्ये होत होती ती सुधारलेली आवृत्ती, आणि आमच्या चुलीवर होत होती ती मूळची. नानांना हे माहीत असायचं कारण नाही. मेमसाहेबाला असेलही. कदाचित तिनंच त्यांना सांगितलं असेल की तव्यावर करून बघ, माझी आजी तसंच करायची. हे मी आपलं मनानं म्हणतोय, पुरावा नाही.

तो फुगायला लागला त्यालाही कारण आहे. पाव फुगतो खमिरानं, त्याला वेळ लागतो. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला खमीर सोसत नव्हतं. सोडा आणि आंबट क्षार कोरडे एकत्र ठेवायचे. ओलावा लागला की त्यातून वायू सुटतो, पीठ वर येतं. बायकोच्या पोटदुखीसाठी केलेला हा उद्योग जगभरच्या स्वयंपाकघरांत गेला. आमच्या घरी मात्र पावडर नव्हती. नाना खायचा सोडा आणि आंबट ताक वापरायचे. रसायन तेच. ताकातलं आम्ल आणि सोडा.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं बार्शी लाइट विकत घेतली. देश स्वतंत्र होऊन सहाहून अधिक वर्षं उलटेपर्यंत आमच्या गावावरून लंडनच्या कंपनीची गाडी धावत होती, हे आज सांगितलं की पोरं विश्वास ठेवत नाहीत. साहेब गेले. नवे साहेब शाकाहारी होते आणि त्यांच्या घरी बबर्चीची गरज नव्हती. नाना चाळिशीच्या आसपास बेकार झाले. बाजारपेठेतल्या एका बेकरीत त्यांना काम मिळालं आणि तिथं ते उस्ताद म्हणून शेवटपर्यंत राहिले. १९८४ साली ते गेले. मी तेव्हा शाळेत होतो, पण ती भट्टी मला चांगली आठवते.

विटांची घुमटी, तोंड एवढंसं, आत जमीन सपाट. बाभळीचं सरपण पेटवायचं, दोनतीन तास जळू द्यायचं, मग निखारे बाजूला ओढून ओल्या पोत्यानं जमीन पुसायची. थर्मामीटर कुठला? नाना चिमूटभर मैदा आत फेकायचे. लगेच काळा झाला तर थांब. सावकाश तांबूस झाला तर पाव घाला. सगळ्यात आधी पाव, कारण त्याला कडक आच लागते. आच उतरली की नानकटाई. आणि रात्री अगदी उरलेल्या उबेत कापलेल्या पावाचे तुकडे पसरून ठेवायचे, सकाळपर्यंत त्याचे टोस्ट. एका लाकडाच्या जाळात तीन धंदे. इस्कोनची जागा पाव आणि नानकटाई यांच्या मधली. पण बेकरीत तो विकायला कधी ठेवला नाही. त्याला गिऱ्हाईक नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी तो दगड होतो. तो ताजाच खायचा पदार्थ. नाना घरच्यापुरते आठदहा करून आणायचे.

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस त्या बेकरीचं रूप बदलायचं. गावातल्या बायका डबे घेऊन यायच्या. रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा किंवा तूप, सगळं घरचं. कारागीर त्यांच्या डोळ्यांसमोर मळायचे, पत्र्यावर गोळे मांडायचे, आणि भट्टीतून काढून त्यांच्याच डब्यात भरून द्यायचे. बेकरीवाल्याला फक्त भाजणावळ. देशमुखांच्या घरच्या, मारवाड्यांच्या घरच्या, रेल्वे क्वार्टरमधल्या मद्रासी बायका, सगळ्या त्या बाकावर ओळीनं बसलेल्या मी पाहिल्यात. आमची नानकटाई ईदच्या आधी, त्यांची दिवाळीच्या आधी. पत्रे तेच.

हे चित्र फार जुनं नाही, हे मला पुढं वाचनातून कळलं. त्याच्या नव्वद वर्षं आधी याच मुलखात बिस्किटावरून केवढं रामायण झालं होतं! ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटं दिली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले असे लोक होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावून ठेवला. मिशनऱ्याच्या हातचं. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. झालं. सनातन्यांनी शंकराचार्यांकडं फिर्याद नेली, चौकशीला माणसं आली, कुणावर बहिष्कार, कुणाला प्रायश्चित्त. टिळकांनी सांगितलं, मी काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनीही १८९२ साली घेतलं, आणि त्यावरून सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. इतिहासात याला ग्रामण्य म्हणतात.

मला या प्रकरणात नेहमी त्या बिस्किटांचं कुतूहल वाटतं. ती कुणी भाजली असतील? मिशनच्या बबर्चीनं, की पुण्याच्या कॅम्पातल्या एखाद्या बेकरीवाल्यानं? त्याचं नाव चौकशीत कुठंच येत नाही. खाणाऱ्यांची नावं छापली गेली, करणाऱ्याचं नाही. नानांसारखा कुणीतरी असणार. पहाटे उठून मैदा मळणारा, संध्याकाळी आपल्या बिस्किटावरून शहरात काय पेटलंय हे त्याला माहीतही नसेल.

पुढं त्याच पुण्यात १९५५ साली कयानी बेकरी निघाली आणि इंग्लंडमधल्या एका गावाच्या नावाचं श्रुजबेरी बिस्कीट पुण्याची खूण होऊन बसलं. मुंबईहून येणारे पाहुणे चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर श्रुजबेरीचा डबा नेतात. प्रायश्चित्त कुणी घेत नाही. पासष्ट वर्षांत एवढा पल्ला गाठणारा पदार्थ दुसरा कुठला असेल तर तो बटाटा. पण बटाट्याला कुणी धर्म विचारला नव्हता.

फळांचंही थोडं सांगतो, कारण फळाशिवाय आमचा इस्कोन नाही. विलायतेत त्यात घालतात ते करंट, म्हणजे ग्रीसमधल्या कॉरिंथच्या नावावरून आलेल्या बारीक काळ्या द्राक्षांच्या मनुका. बंगल्यावर त्या डब्यातून यायच्या. नानांच्या घरी काळ्या मनुका चिरून, नाहीतर बेकरीतली टूटीफ्रूटी. टूटीफ्रूटी म्हणजे कच्च्या पपईचे पाकवलेले, रंगवलेले तुकडे. पोरांना तीच आवडायची, कारण लाल-हिरवी दिसायची. मग आमच्याच जिल्ह्यात द्राक्षं आली. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' ही लांब मण्यांची जात शोधली, तासगाव-सांगलीकडं बेदाण्याच्या शेड उभ्या राहिल्या. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, की सालीवरचा मेणचट थर सुटतो. मग जाळ्यांच्या मजल्यांवर सावलीत वाळवायची. पंधरवड्याच्या आत हिरवट-पिवळा बेदाणा तयार. सांगलीच्या बेदाण्याला पुढं भौगोलिक मानांकनही मिळालं. अम्मानं बेदाणा पहिल्यांदा घातला तेव्हा ती म्हणाली, "हे काय, इस्कोनमध्ये श्रीमंती आली." साखरेचं तर बोलायलाच नको. तिसाच्या दशकात माळीनगरला कारखाना उभा राहिल्यापासून हा जिल्हा साखरेतच लोळतोय.

कृती विचारणारे बरेच असतात म्हणून सांगून टाकतो. दोन वाट्या मैदा, चहाचे अडीच चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ, दोन मोठे चमचे साखर. त्यात साठ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं होईपर्यंत. इथं आपली सवय आड येते. शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो. इस्कोनला स्निग्ध पदार्थ थंडच हवा, म्हणजे आच लागल्यावर तो जागोजाग वितळतो आणि तिथं पापुद्रा सुटतो. म्हणून हा पदार्थ आमच्याकडं थंडीत किंवा अगदी पहाटे. कुर्डुवाडीच्या मे महिन्यात लोणी काय, माणूसही घट्ट राहत नाही. उन्हाळ्यात ईद आली की नाना डालड्याचा डबा रात्रभर माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचे. मग अर्धी वाटी बेदाणे, आणि लागेल तसं पाऊण ते एक वाटी गार दूध. नुसतं एकत्र करायचं. मळायचं नाही. मळलं की मैद्याचा चिकटपणा जागा होतो आणि इस्कोन चामड्यासारखा होतो. नाना अम्माला म्हणायचे, "हात थंडा रख बेटी, आटे को गुस्सा नको दिला." बोटभर जाड थापायचा, वाटीनं सरळ दाबून कापायचा. वाटी फिरवली तर कडा चिकटून बसतात आणि तो वाकडा फुगतो. ओव्हन दोनशे-दोनशेवीस अंशांवर तापलेला हवा, बारा ते पंधरा मिनिटं. तव्यावर करणार असाल तर जरा पातळ थापा, अगदी मंद आच, झाकण, प्रत्येक बाजूला सहासात मिनिटं. कोमट झाला की अर्धी वाटी पिठीसाखरेत दोन छोटे चमचे लिंबाचा रस कालवून वरून ओतायचा. गरम असताना ओतला तर लेप वाहून जातो. हा लेप बंगल्यावरचा नव्हता. तो नानांचा. पाकातल्या चिरोट्यावरून त्यांना सुचला असं अम्मा सांगते.

अम्मा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. तिच्या वहीत हे सगळं मराठीत लिहिलेलं आहे, पण माप वेगळं. तिचं माप म्हणजे बंगल्यावरून नानांबरोबर आलेला, कान तुटलेला चहाचा कप. 'इस्कोन – कप ३ मैदा' अशी नोंद. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचलं, पण अम्मानं कप सोडला नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला.

२०२० सालचा एप्रिल. टाळेबंदी. बेकऱ्या बंद, पाव मिळत नव्हता. नुकताच रमजान सुरू झाला होता. अम्मानं गॅसवर तवा ठेवून इस्कोन केले आणि नेहमीसारखं समोरच्या घरी ताट पाठवलं. त्या घराशी आमचं चाळीस वर्षांचं येणंजाणं. दिवाळीला तिकडून फराळाचं ताट येतं, ते रिकामं परत जात नाही. ईदला शिरखुर्मा जातो, त्याचं भांडंही रिकामं येत नाही. मी ताट फाटकावर दिलं. त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होतं ते तुम्हाला आठवत असेल. मुसलमानाच्या हातचं फळ घेऊ नका, पाव घेऊ नका, थुंकी लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो तर कोपऱ्यावरच्या हातपंपाजवळ इस्कोन पडलेले होते. सहाच्या सहा. दोन कुत्री होती. एकानं हुंगून सोडून दिला होता, कदाचित लिंबामुळं.

कुणी टाकले हे मी विचारलं नाही. घरात माणसं सहा, कुणाच्याही मनात भीती आली असेल. तो आजारही नवा होता, भीती खोटी नव्हती. मी इस्कोन उचलून मातीत पुरले आणि अम्माला काही सांगितलं नाही. तेवढ्या महिन्यांत मी एकही कविता लिहिली नाही, एवढं मात्र खरं. पंचहौदच्या त्या बबर्चीची आठवण मला पहिल्यांदा तेव्हा झाली.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर होती. समोरच्या वहिनी तोंडाला मास्क लावून फराळाचं ताट घेऊन आल्या. पोरांच्या हाती न पाठवता स्वतः. ओट्यावर टेकल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग उठताना म्हणाल्या, "चाची, माझं एक ताट तुमच्याकडं आहे. रिकामं देऊ नका." अम्मा म्हणाली, "रिकामं कधी दिलंय?" वहिनींनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. अम्मानं दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बारा इस्कोन केले. मी ताट नेऊन दिलं तेव्हा वहिनींनी माझ्यासमोर एक मोडला आणि उभ्या उभ्या खाल्ला. लेप ओला होता, हाताला लागला. त्यांनी तो पदराला पुसला.

छोटी गाडी आता नाही. रुंदीकरण टप्प्याटप्प्यानं झालं, लातूरकडं आता मोठी गाडी जाते, मिरजेकडंही. नानांची भट्टीही नाही. त्या जागी विजेचा ओव्हन आलाय, आणि दिवाळीला डबे घेऊन बाकावर बसणाऱ्या बायका कमी झाल्यात. मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला बेकऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. धुराचं बघायला हवंच. पण चिमूटभर मैदा आत फेकून आच ओळखणारा शेवटचा कारागीर कोण असेल, हे कुणी लिहून ठेवलं तर बरं होईल.

गेल्या डिसेंबरात वहिनींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. त्यानं घरी छोटा ओव्हन घेतलाय. म्हणाला, "काका, दादीला विचारून इस्कोनचं माप सांगा ना." अम्मा आता ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. तिनं वही काढायला लावली. 'कप ३ मैदा.' तो म्हणाला, "पण कप कुठला?" मी फोन तसाच ठेवून फडताळातून कान तुटलेला कप काढला, पाण्यानं काठोकाठ भरला आणि नातवाच्या औषधाच्या मापानं मोजला. दीडशे मिलिलिटर भरला. तेवढं त्याला सांगितलं. मागून अम्मा ओरडत होती, "त्याला म्हणावं हात थंडा ठेव, आणि वाटी फिरवू नको."